सुईआधीचा फोटो

इकडे या गं बायांनो, दाराशी उभ्या राहून काय ऐकता? जवळ बसा. डॉक्टरने छातीचा फोटो काढायला सांगितला, की चिठ्ठी घडी घालून मसाल्याच्या डब्यामागे ठेवून देता. आणि वर मलाच विचारता, "गाठ हाताला लागते, मग फोटो कशाला?" फार शहाण्या आहात. हाच प्रश्न तुमच्या आधी आमच्या शेजारणीने विचारला होता, तोही डॉक्टरांच्या टेबलावर हात आपटून. तिचं ऐका.

प्रताप नगरात तिच्या आणि आमच्या घराची भिंत एकच. कोणी 'दवाखाना' एवढंच म्हटलं, की ती पदर कमरेला खोचायची आणि म्हणायची, "मले नको सांगू. मले सारं माहीत आहे." अशी बाई तुमच्याही गल्लीत असेलच. शिक्षण चौथीपर्यंत, डॉक्टरकी मात्र पूर्ण. आमच्याकडच्या कुठल्याही बाईला धंतोलीतल्या दवाखान्यात न्यायचं तर सोबतीला हीच. नवऱ्यांना सुटी मिळत नसे, हिला कायमची होती. रिक्षात ती रोग्याच्या आधी चढायची. डॉक्टर "जीभ दाखवा" म्हणाले, की पहिली जीभ हिची बाहेर. एकदा घसा धरलेल्या पोरीला घेऊन गेली आणि स्वतःच गुडघ्याच्या गोळ्या घेऊन परत आली. पोरगी तशीच खोकत राहिली.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. आंघोळ करताना माझ्या छातीत डाव्या बाजूला गाठ लागली, बोराएवढी. चार दिवस मी कोणाला बोलले नाही. मी, आणि चार दिवस गप्प! यावरूनच ओळखा किती घाबरले असेन. धाकटी तेव्हा सातवीत होती. मनात सारखं एकच यायचं, हिच्या वेण्या कोण घालेल?

पाचव्या दिवशी शेजारीण कुंपणाशी आली. "काहून वं, तुह्या घरातून आवाज काहून नाही येऊन राहिला?"

मी सांगितलं. लगेच पदर खोचला गेला.

निघताना तिने मला वरून खालपर्यंत पाहिलं. "अशी घामेजलेली जाशीन का डाक्टरसमोर? पावडर लाव." आणि मी हात पुढे करायच्या आत पावडरचा डबा माझ्या अंगावर उपडा केला, गळ्यापासून कमरेपर्यंत. पिठात घोळलेल्या कणकेच्या गोळ्यासारखी दिसत होते मी.

डॉक्टर तरुण होते. त्यांनी तपासलं आणि म्हणाले, "आधी फोटो काढू. सुईचं मग बघू."

"काहून गा डाक्टर?" ही टेबलावर हात आपटून उभीच राहिली. "गाठ हाताले लागून राहिली. सुई टोच, काय निघते ते पाह्य, अन् मोकळं कर बाईले. फोटो कायले? भिंतीवर टांगाचा आहे का?"

"मावशी, आधी सुई घातली तर आत रक्त साकळतं. मग फोटोत गाठ कोणती आणि रक्त कोणतं, मला कसं कळणार? सुई नेमकी कुठे घालायची, तेही फोटोवरूनच ठरतं. आणि हाताला एक लागली. न लागणारी दुसरी असली तर?"

"मी पाह्यलं हात लावून. दुसरी नाही आहे."

"मग तुम्हीच बसा इथे." डॉक्टरांनी आपली खुर्ची दाखवली. ती खरंच बसायला निघाली होती. मी तिला पदर धरून ओढलं.

फोटोचं यंत्र तेव्हा नवं होतं. दोन पाट्यांमध्ये छाती अशी दाबतात, की माहेरची सगळी माणसं आठवतात. फोटो काढणाऱ्या बाईने फिल्म उजेडासमोर धरली आणि ती थबकली. दोन्हीकडे पांढरे कण, जणू रवा सांडला होता. ती जवळ आली, तिने वास घेतला. "पावडर लावली का?"

मी शेजारणीकडे बोट दाखवलं.

"अहो, फोटोत पावडरही कणांसारखी दिसते आणि आजारही कणांसारखा दिसतो. स्वच्छ धुऊन या. आणि या मावशींना बाहेर बसवा."

नळाखाली मी घासघासून धुतलं. दुसऱ्या फोटोत रवा गेला. पण सगळा नाही. उजवीकडे, जिथे कोणाच्या हाताला काहीच लागत नव्हतं, तिथे चिमूटभर कण एका जागी दाटीने बसलेले होते.

डाव्या गाठीतून सुईने पाणी निघालं, नुसतं पाणी. उजवीकडे फोटोवरून जागा नक्की करून तुकडा काढला, तर त्यात कॅन्सर निघाला, नुकताच सुरू झालेला. शेजारणीचं ऐकून फक्त गाठ टोचली असती, तर पाणी पाहून आम्ही दोघी हसत बाहेर पडलो असतो आणि वाटेत भजी खाल्ली असती.

रिपोर्ट हातात आला, त्या दिवशी ती रिक्षात माझ्यानंतर चढली. मग हळूच म्हणाली, "मीच म्हटलं होतं नं वं, सुई टोच म्हून."

मी तिचा बाहेर उडणारा पदर रिक्षात ओढून घेतला.

"पोरीच्या वेण्या मी घालीन," ती म्हणाली. "तू बरी होऊन ये."

मी तिला वेण्यांचं कधी सांगितलंच नव्हतं. ऑपरेशनमध्ये उजवी बाजू गेली, मी राहिले. दोन महिने तिने वेण्या घातल्या, इतक्या घट्ट की पोरगी शाळेत दिवसभर चकित दिसायची.

पण म्हणून ती सुधारली असं समजू नका. त्यानंतर दूधवाल्याच्या गळवालाही, "पयले फोटो, मंग सुई." कोणाच्या तळपायात काटा मोडला तरी तेच. आणि वर सांगायची, "त्या डाक्टरले काय समजत होतं? मीच समजावून सांगतलं त्याले." मी समोर बसलेली असताना सांगायची!

पुढे ती मुलाकडे, शहराबाहेर बेसाला राहायला गेली, आणि एका सकाळी चहा घेता घेता गेली. सून अंगणात कपडे वाळत घालत होती. इतक्या जणींना हाताला धरून नेणारी बाई, तिच्याजवळ त्या वेळी कोणी नव्हतं. हे मला अजून पटत नाही.

आता धंतोलीला मी येते सोबत. रिक्षात चढताना मला हात द्यावा लागतो, पण डॉक्टरांना प्रश्न विचारायला कोणाची मदत लागत नाही. तेव्हा डब्यामागची ती चिठ्ठी घेऊन घरी या लवकर. भीती वाटत असेल तर सगळ्यांत आधी या. सोमवारी सकाळी मी मोकळीच असते.