एकाच बाजूची खरखर

सासूबाई गेल्यानंतर वर्षभराने माझे सासरे आटपाडीहून आमच्याकडे माधवनगरला राहायला आले. त्यांना मी मामा म्हणते. सोबत कपड्यांची एक पिशवी आणि रेकॉर्डींनी भरलेली पत्र्याची ट्रंक. ती इतकी जड होती, की ह्यांनी आणि मी दोन्ही बाजूंनी धरून, मध्ये दोनदा टेकवत, घरात आणली.

मामांचा तरुणपणी लाऊडस्पीकरचा धंदा होता. लग्न असो, बारसं असो, जयंती असो, आसपासच्या गावांत कर्णा बांधायला त्यांनाच बोलावणं यायचं. मशीन आणि कर्णे कधीच भंगारात गेले. रेकॉर्डी तेवढ्या राहिल्या. म्हणून ह्यांनी मोबाइलवरून एक नवा रेकॉर्ड प्लेअर मागवला. म्हटलं, म्हाताऱ्या माणसाचा वेळ जाईल.

पहिलीच रेकॉर्ड लावली आणि मी चपापले. गाणारी बाई घशात राख गेल्यासारखी गात होती. 'स' अक्षर आलं की नुसता फुसकारा. सूर जरा वर चढला की फाटायचा. मी ह्यांच्याकडे पाहिलं, ह्यांनी मशीनकडे. मामा मात्र खुर्चीत मांडीवर बोटं वाजवत बसले होते.

मला आधी धुळीचा संशय आला. कोमट पाण्यात दोन थेंब साबण घालून, मधला कागद भिजणार नाही अशा बेताने मऊ फडक्याने रेकॉर्ड पुसून घेतली. मधूनमधून टकटक वाजत होतं ते कमी झालं. घशातली राख तशीच.

"सुई गेलीया," हे म्हणाले.

"नव्या मशीनची?"

"नवं म्हणजे चांगलंच, आसं कुठं हाय?"

सांगलीत जुने रेडिओ दुरुस्त करणारे एक गृहस्थ आहेत. रविवारी मशीन आणि चार रेकॉर्डी घेऊन आम्ही त्यांच्याकडे गेलो. त्यांनी सुई भिंगातून पाहिली, बरी आहे म्हणाले. मग स्वतःची एक रेकॉर्ड आमच्या मशीनवर लावली. आवाज स्वच्छ, अगदी समोर बसून कुणी गातंय असा. नंतर आमची रेकॉर्ड त्यांच्या मशीनवर लावली. तीच राख.

"मशीन निर्दोष हाय, ताई. तुमची रेकॉर्ड गेलीया."

"पण हिच्यावर एक चरासुद्धा नाही."

"वरनं दिसत न्हाई ते. आतली रेघ झिजलीया." त्यांनी रेकॉर्ड ट्यूबलाइटखाली तिरकी धरली आणि करडा पट्टा दाखवला. मला दिसला नाही. दिसल्यासारखी मान मात्र हलवली.

घरी येऊन मी तीच रेकॉर्ड पुन्हा लावली. या वेळी चुकून उलट्या बाजूने. आणि गाणं लख्ख ऐकू आलं. बाईचा श्वास घेतलेलासुद्धा कळला. मी उचलून पालटली, तर राख. परत पालटली, तर लख्ख. मी शाळेत गणित शिकवते. मशीन एक, सुई एक, रेकॉर्ड एक, ट्रंकही एकच. मग एकच बाजू कशी झिजली? आणखी दहाबारा लावून पाहिल्या. बहुतेकींची तीच तऱ्हा.

मामा भाकरी खात होते. मी त्यांच्यापुढे जाऊन बसले आणि विचारलं.

"त्या बाजूला कोण इचारतंय?" ते म्हणाले. "मंडपात समद्यांना हेच गाणं पायजे आसायचं. दिवसातनं धा येळा लावायचो."

"नुसतं लावून एवढी झिजेल?"

त्यांनी घास संपवला. "वरात ट्रॅक्टरवर असायची. खड्डा आला की सुई उडायची, लोक वरडायचे. मग सुईच्या दांड्यावर आठ आण्याचं नाणं चिकटवायचो. भार पडला की उडत न्हाई."

"आणि सुई कधी बदलायचा?"

"बंद पडली की."

"म्हणजे मामा, तुम्ही रेकॉर्डीवर नांगरच चालवलात," मी म्हणाले. सहज म्हणाले, पण त्यांचा हात ताटातच थांबला. ज्या गाण्यांवर त्यांनी आयुष्य काढलं, ती त्यांनीच खराब केली, असं मी त्यांना तोंडावर सांगितलं होतं. ते उमगलं आणि मी पाण्याचा तांब्या भरायचं निमित्त करून आत गेले.

"खराब कुठं हाय?" मी परत आल्यावर ते म्हणाले. रागाने नाही; त्यांना खरंच कळत नव्हतं. "कर्ण्यातनं आसंच वाजायचं की."

त्यांच्या कानांना जे कधी बिघडलंच नव्हतं, ते मी आठवडाभर दुरुस्त करत बसले होते.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना चांगली बाजू ऐकवली. त्यांनी मान तिरकी करून दोन कडवी ऐकली.

"ही कुठली गं?"

"तुमचीच आहे. मागची बाजू."

"मी न्हाई कवा ऐकली." आणखी थोडं ऐकून म्हणाले, "लय जवळनं गातीया. बरं न्हाई वाटत."

ह्यांना हसू आवरेना. मला हसावं की काय करावं ते कळेना. आता मी रोज संध्याकाळी एक चांगली बाजू लावते. मामा गप्प ऐकतात, कधी डोळे मिटून, आणि त्यांना आवडतंय की नाही याचा पत्ता लागत नाही. गाणं संपलं की माझ्याकडे बघून बोटाने खूण करतात, उलटी कर म्हणून.