अडकलेल्या पाहुण्यांची खारी

पुराची आवडीने वाट पाहणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि माझं नशीब असं की त्या वेळी तालुक्याच्या आपत्ती व्यवस्थापनाचं टेबल माझ्याकडे होतं आणि राहायला मी त्याच माणसाच्या घरी होतो. सरकारने मला पुराशी लढायला पाठवलं होतं, आणि आमचे घरमालक मे महिना उलटला की पुराच्या स्वागताच्या तयारीला लागायचे. सारा गाव त्यांना चाचा म्हणायचा, म्हणून मीही म्हणायचो. ते मला बाबू म्हणायचे. कारकून दिसला की आमच्याकडे त्याला बाबूच म्हणतात, त्यात माझं कर्तृत्व काही नाही.

आलापल्लीच्या पुढे, नदी ओलांडून गेल्यावर जंगलात एक तालुक्याचं गाव आहे. तिथे जाणारा पूल तेव्हा इतका ठेंगणा होता की पावसाने जरा मनावर घेतलं की तो पाण्याखाली जायचा. मग बस बंद, दूध बंद, भाजी बंद, फोनही बंद. बाकी लोक ही गोष्ट वैतागाने सांगत. चाचा मात्र आपल्या घरी लग्न असल्यासारखे सांगत. त्यांचा धंदा गाद्यांचा. पुढे दुकान, मागे घर, आणि दुकानावरच्या खोलीत मी. थंडीत आणि लग्नसराईत त्यांना मान वर करायला फुरसत नसे. पण पावसाळ्यात कापूस दमट होतो, पिंजता येत नाही, म्हणून तेव्हा ते ठार रिकामे. रिकाम्या माणसाने पत्ते खेळावेत, झोपा काढाव्यात. चाचा गडचिरोलीच्या बाजाराला निघायचे.

पहिल्या वर्षी त्यांनी मला सोबत नेलं. मी नोकरीत नवा होतो आणि नुकतंच एक प्रशिक्षण घेऊन आलो होतो, त्यामुळे पुरासाठी काय साठवावं यावर माझं तोंड बसभर सुरू होतं. तांदूळ, डाळ, मीठ, काडेपेटी, मेणबत्ती. चाचांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि बाजारात उतरल्यावर त्यातलं काहीही घेतलं नाही. घेतली खारी, टोस्ट, शेव, मुरमुरे, खजूर, शेवया, दूध पावडरचे डबे, लाल शरबताच्या बाटल्या आणि गोटी सोड्याचा आख्खा खोका. मी म्हटलं, "चाचा, पुरात लोकं जीव वाचवतात, पार्टी नाई करत."

"बाबू, दाल-चावल तं पोट भराले लागते. ते घरी आहेच. नसलं तं तू आहेसच सरकारचा," ते म्हणाले. "पण अडकलेल्या माणसाचं पोट नाई बिघडत, जीव बिघडते. त्याले वाटते, कवा पाणी उतरते न कवा मी पळतो. त्याले थांबवाले खारी लागते."

"न सोडा?"

"खारी जास्त झाली का सोडा लागते न!"

एवढं पक्कं नियोजन माझ्या प्रशिक्षणात कोणी सांगितलं नव्हतं.

पूर येणार हे त्यांना कसं कळायचं, तर गुडघ्यावरून. उजवा गुडघा दुखला तर दोन दिवसांत पूर, डावा दुखला तर आठवड्यात. मी कार्यालयात बसून वरून आलेले इशारे खाली कळवायचो, ते ओट्यावर बसून गुडघा चोळायचे. न्यायाने सांगायचं तर त्यांच्या गुडघ्याने सांगितलेला पूर कधी आला नाही, आणि मी कळवलेलाही नाही. पूर यायचा तो आम्हा दोघांनाही न विचारता.

तोवर साठा सांभाळण्याचा प्रश्न असे. पावसाळी हवेत खारी नरम पडते, म्हणून ती रोज तपासावी लागे. रोज म्हणजे सकाळी चहासोबत एकदा आणि संध्याकाळी चहासोबत एकदा. तपासणी अधिकारी म्हणून चाचांनी माझी नेमणूक केली होती. "सरकारी माणसाची सही पायजे," ते म्हणायचे, आणि मी तोंडाने सही करायचो. आयुष्यात एवढं मन लावून मी दुसरं कुठलं सरकारी काम केलं नाही. पूर यायच्या आत डबा रिकामा झाला की चाचा पुन्हा बाजाराला जात. तिकडे आमच्या गावी, मूलला, माझी आई शेजारणींना सांगायची की पोरगं जंगलात पडलंय, काय खात असेल, कसं राहत असेल. दिवाळीला घरी गेलो तर तिने आधी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग पोटाकडे पाहिलं, आणि नंतर तो विषय कधी काढला नाही.

साठवणुकीच्या बाबतीत मी एकदाच तज्ज्ञ म्हणून सल्ला दिला, त्याचीही हकिगत सांगतो. प्रशिक्षणात सांगितलं होतं की खाद्यपदार्थ घरातल्या सर्वांत कोरड्या जागी ठेवावेत. मी विचार केला आणि गंभीर चेहऱ्याने म्हणालो, "चाचा, या घरात सगळ्यात कोरडं काय असंल, तर तुमचा पिंजलेला कापूस." चाचांना ते इतकं पटलं की त्यांनी एका नव्या गादीच्या पोटात शेवेची पाकिटं ठेवून वरून टाके घातले आणि गादी कोपऱ्यात उभी केली. लग्नसराईची शेवटची गर्दी होती. त्या गर्दीत ती गादी एका नवरदेवाच्या घरी गेली.

चार दिवसांनी नवरदेवाचे वडील गादी बैलगाडीत घालून परत आले. दुकानात माणसं होती म्हणून हळू आवाजात म्हणाले, "चाचा, गादी वाजून राह्यली."

"वाजून राह्यली म्हंजे?"

"कुरकुर करते. घरात पावने हायेत. पोट्टा-पोट्टी लाजून राह्यले."

चाचांनी एका क्षणात टाके उसवले, हात घालून पाकिटं बाहेर काढली आणि जणू ती खास पाहुण्यांसाठीच ठेवली होती अशा थाटात फोडून सगळ्यांपुढे धरली. शेव खूपच कुरकुरीत राहिली होती. मी म्हटलं, बघा, माझा सल्ला बरोबर होता. गादी पुन्हा शिवून गेली. दुसऱ्या दिवशी निरोप आला की आता वाजत नाही, पण मुंग्या फार आहेत. त्यानंतर साठवणुकीवर माझं मत कोणी विचारलं नाही.

हे सगळं मी हसत हसत पाहत होतो, खात होतो, आणि हा माणूस जरा तिरपागडा आहे एवढंच समजून चाललो होतो. त्यांचा एकुलता एक मुलगा हैदराबादला कंप्युटरच्या नोकरीत होता. वर्षातून एकदा यायचा, तोही एका दिवसासाठी. सकाळच्या बसने उतरायचा, संध्याकाळच्या बसने निघायचा. चाची बिचारी दिवसभर चुलीपाशी, आणि तो दिवसभर घड्याळापाशी. चाचा त्याला फोनवर दर वेळी सांगत, बारिश में आना, तेव्हा दुकान बंद असते. मला ते साधंच वाटलं होतं. एका वर्षी चाची भाकरी थापता थापता म्हणाली, "भाऊ, दुकान काय उन्हाळ्यात बंद नाई करता येत? त्यायले पूल बुडालेला पायजे. पोरगा घरी असताना." तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तो सगळा बाजार एका माणसासाठी होता. तो कधीतरी अडकेल, आणि अडकल्यावर चिडू नये, म्हणून त्याच्या लहानपणीच्या आवडीचं एकेक डब्यात भरून ठेवलं जात होतं. आणि दर वर्षी तो एका दिवसात निघून जायचा, आणि ते सगळं माझ्या पोटात जायचं.

शेवटी एकदा तो योग आला. मुलगा सकाळी उतरला आणि दुपारी नदी चढली. पूल बघायला म्हणून चाचा छत्री घेऊन गेले ते दुखऱ्या गुडघ्यानिशी पळत आले. दारातच त्यांनी चेहरा दुःखी करायचा फार प्रयत्न केला. "पूल बुडाला, बाबू. लय वाईट झालं," ते म्हणाले, आणि त्यांना हसू आवरेना. मी कार्यालयात धावलो. नदीकाठच्या वस्तीतली माणसं आधीच शाळेत आली होती, खिचडीचं पातेलं चढलं होतं. चाचांनी दुकानातल्या होत्या नव्हत्या तेवढ्या गाद्या शाळेत पाठवून दिल्या. फोन बंद पडल्यामुळे मला कोणी काही विचारू शकत नव्हतं, आणि त्यामुळे माझं काम फारच उत्तम चाललं होतं.

संध्याकाळी घरी आलो तर चाचा मुलासमोर डबे मांडून बसले होते. एकेक झाकण उघडत होते. मुलगा मोबाइल हातात धरून नेटवर्क शोधत होता.

"ये देख, खारी. तेरी वाली."

"अब्बा, मैं मैदा नहीं खाता अब."

"शरबत बनाऊँ?"

"शक्कर भी छोड़ दी."

"सेव?"

"तेल है उसमें."

चाचा माझ्याकडे वळून बसले. मग म्हणाले, "हाव, बराबर हाय. तब्येत पाहाले पायजे माणसानं," आणि उघडलेली झाकणं परत लावायला लागले. एक झाकण काही केल्या बसेना. मला ते बघवलं नाही. मी म्हटलं, "चाचा, मी खातो न." आणि बसलो खायला. त्या दिवशी मला मुळीच भूक नव्हती. शाळेत मी खिचडीची तपासणी करून आलो होतो. तरी खाल्लं. एवढं वाईट वाटत असताना एवढी खारी खाणारा माणूस मीच असेन.

दुसऱ्या दिवशीही पाणी हटेना. मुलगा आधी गच्चीवर गेला, मग पाण्याच्या टाकीवर चढला, मग शाळेच्या कौलावर. नेटवर्क कुठेच नव्हतं. वैतागून तो दुकानात येऊन बसला. हात रिकामा राहवेना म्हणून त्याने एका रजईचे टाके घालायला घेतले, आणि चाचा त्याला दोरा ओवून देऊ लागले. पावडरचं दूध शाळेतल्या लेकरांना गेलं होतं, म्हणून दुपारी चाचीने कोरा चहा आणला. मुलाने एक घोट घेतला. तोंड वाकडं केलं. मग हात लांबवून, डब्याकडे न बघता, एक खारी उचलली आणि चहात बुडवली. ती तुटून कपात पडली. त्याने बोट घालून ती बाहेर काढली, जशी लहान पोरं काढतात तशी, आणि बोट चाटलं. मग दुसरी घेतली. चाचा सुईत दोरा ओवत होते. सुईचं छिद्र त्यांना बराच वेळ सापडलं नाही. चाचीने उगाचच भिंतीकडे पाहिलं. मी तेवढ्यापुरतं खारी खाणं थांबवलं.

पाणी उतरलं तेव्हा सगळ्या गावाने हुश्श केलं. परिस्थिती पूर्वपदावर आल्याचं वर कळवणं माझं काम होतं, ते मी केलं. मुलाच्या बॅगेत चाचांनी खारीचं पुडकं कोंबलं आणि त्याने ते काढून ठेवलं नाही. बस गेल्यावर चाचा ओट्यावर बसून म्हणाले, "एक दिवस अजून राह्यलं असतं पाणी, तं सरकारचं काय बिघडलं असतं, बाबू?" सरकारतर्फे मी त्यांच्या शेजारी ओट्यावर बसलो.

पुढे नवा पूल झाला. चांगला उंच, रुंद, कितीही पाणी येवो त्याच्या पायाखालून जाईल असा. गावात पेढे वाटले. बाळंतिणींची, आजाऱ्यांची सोय झाली, आणि चाचांनाही ते कळत होतं. त्यांनी पेढा घेतला, घरी आणला आणि चाचीच्या हातावर ठेवला. मला म्हणाले, "लय मस्त पूल झाला. आता कोणी थांबणार नाई." त्याच वर्षी माझी चंद्रपूरला बदली झाली. भर पावसात, न बुडालेल्या पुलाच्या दिशेने माझी बस निघाली तेव्हा ते बस स्टँडवर उभे होते. बसमध्ये माझ्या पायाशी गोटी सोड्याचा खोका होता. "वाटेत लागते," ते म्हणाले होते.

आता माझं लग्न झालंय, पोट तेव्हाच्याहून पुढे गेलंय, आणि डॉक्टरने मैदा, साखर आणि तेल या तिन्हींवर बोट ठेवलंय. परवा चाचांचा फोन आला. मुलगा या वर्षी येणार नाही, परदेशी गेलाय, असं सांगून झालं. गुडघा कसा आहे विचारलं, तर म्हणाले, दोन्ही दुखतात, आता पूर कोणता ते समजत नाही. मग हळूच मुद्द्यावर आले.

"बाबू, खारी आणून ठेवली होती. नरम पडून राह्यली. तपासाले कोणी नाई."

"चाचा, मले डॉक्टरनं मना केलं."

"सोडा बी आणला."

मी पोटावरून हात फिरवला.

"अडकाले येतं का?"

"आता कसा अडकू, चाचा? पूल उंच झाला न."

"तू ये तं खरा," चाचा म्हणाले. "अडकवाचं काम माह्यं."

फोन ठेवला आणि मी बॅग काढली. बाहेर कडक ऊन पडलं होतं. बायकोने विचारलं, "किती दिवसांसाठी चाल्ला?" मी म्हटलं, "पाणी उतरेपर्यंत."