साठे सरांचा अंधार आणि खेड्यातले खांब

साठे सरांना मी पहिल्यांदा पाहिलं ते झाशीच्या नगरा वस्तीतल्या एका गच्चीवर, उघडी छत्री धरून उभे असलेले. आभाळात ढगाचा तुकडाही नव्हता. रेल्वेतल्या बदलीमुळे मी नुकतीच सोलापूरहून झाशीला आले होते आणि शेजारच्या गच्चीवरचे कपडे काढत होते. गृहस्थांचं काहीतरी बिनसलंय असं वाटून मी "अगं बाई!" म्हटलं, ते त्यांनी ऐकलं. "या, बाईजी," ते म्हणाले, "सडकेची बत्ती छत्रीने अडवली आहे. आता कृत्तिका मजेत दिसतात." त्या संध्याकाळी मी त्यांच्या आकाशदर्शन मंडळात दाखल झाले आणि सरांविषयीचा माझा गोंधळ सुरू झाला. त्यांच्या पंचाहत्तरीच्या या गौरवग्रंथातही तो मिटेल असं वाटत नाही.

सरांनी उभा जन्म शाळेत विज्ञान शिकवलं. परक्या गावात मला ताप आला तेव्हा सर आणि काकू डबा घेऊन जिना चढून यायचे, वर कुणाला सांगायचं नाही अशी तंबी. म्हणून इथे मुद्दाम लिहिते.

गावातले दिवे वाढत गेले तसे तारे कमी झाले आणि मंडळाची माणसंही. त्यात सरांना काचबिंदू झाला. गेलेली नजर परत येत नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. देवयानी दीर्घिका आपल्या मुलखातून, नुसत्या डोळ्यांनी पाहायची एवढीच सरांची इच्छा होती. तेव्हा अंधारी जागा हवी होती आणि लवकर हवी होती.

झाशीबाहेर, बबीना गावाच्या वाटेवर एक माळ सापडला. काय तो काळोख! आम्ही बडा बाजारातले पेढे वाटले. पुढच्या अमावास्येला जाऊन पाहतो तर चहूकडे लग्नाच्या मांडवासारखा लखलखाट. पहिल्या खेपेला तिथली वीज गेलेली होती, हे आमच्यापैकी एकाही शहाण्याच्या डोक्यात आलं नव्हतं. चूक सगळ्यांची होती, पण सरांनी ती एकट्याच्या नावावर घेतली.

मग एका खेड्यामागचं टेकाड मिळालं. या वेळी आम्ही आधी चौकशी केली. गावात विजेचे खांब उभे होते, पण त्यांवर तारच ओढली गेली नव्हती. तिथे सरांना देवयानी दिसली. ते दगडावर बसले आणि रडले.

पुढच्या खेपेला दिवेलागणीला पोहोचलो तर गावातली रामकली पाण्याचा लोटा घेऊन आली. म्हणाली, "साठेजी, तुमें अंधेरो भलो लगत. हमाई मोडी खों ओई अंधेरे में बिच्छू ने काट लओ." तिच्या मुलीला हातपंपाच्या वाटेवर विंचू चावला होता. सरांनी दुर्बीण पेटीतून काढलीच नाही. मुलीला पाहायला गेले आणि दुसऱ्या दिवशी थेट वीज कार्यालयात. तिथले साहेब त्यांचे जुने विद्यार्थी. तार ओढली जाईपर्यंत सरांनी त्यांचा पिच्छा सोडला नाही.

मी भांडले. म्हटलं, "सर, आपली जागा आपणच घालवताय. आणि तुमच्या डोळ्यांचं काय?"

"बाईजी, तिथे लोक राहतात ना," एवढंच म्हणाले आणि काकूंना चहा टाकायला सांगितला. हे काय उत्तर झालं? मला तेव्हा राग आला होता. आजही अर्धंच कळलं आहे.

पहिला दिवा लावण्याचा मान गावाने सरांनाच दिला. बटण दाबलं, उजेड पडला, रामकलीने त्यांना पेढा भरवला. सरांनी सवयीने मान वर केली. वर काही राहिलं नव्हतं. मग खाली पाहून त्यांनी सगळा पेढा खाल्ला आणि मुलीचा पाय कसा आहे ते विचारलं. हसावं की रडावं, मला कळेना.

सरांना शंभर वर्षं लाभोत, असं या ग्रंथात सगळेच लिहितील. मी आधी त्यांच्या डोळ्यांसाठी मागते, मग वयासाठी. आणि सर, येत्या अमावास्येला स्वेटर घालून तयार राहा. दतियाच्या बाजूला एक माळ आहे. आसपास एकही घर नाही, हे मी दोनदा जाऊन पाहून आले आहे.