पश्चिमेच्या दाराची ताटी

गुत्तेदार माझा नवरा, पण अंदाज काढणारी मी. निजामाच्या राज्यात बाईला गुत्ता कोण देणार? म्हणून बोली त्यांनी लावायची आणि आकडा माझा. आमचं काम उन्हाळ्याचं. वाळ्याच्या ताट्या बांधायच्या, दारांना बसवायच्या, त्यांवर पाणी मारायला माणसं ठेवायची आणि मृगाच्या तोंडावर सगळं उतरवून न्यायचं. दाराकडे नुसतं बघून किती वाळा लागेल हे मी सांगत असे, आणि सहसा चुकत नसे. मला त्याचा गर्व होता, अजून आहे. नवरा चारचौघांत म्हणायचा, "हिला नवरी म्हनून आणली तवा बी हिनं आदी आमच्या घराची दारं मोजली." खोटं नाही ते.

एका वैशाखात घाटनांदूरजवळच्या एका जमीनदाराकडून बोलावणं आलं. हैदराबादेहून बडे साहेब दौऱ्यावर यायचे होते, आणि आठवडाभर जमीनदाराच्या सदरेवर त्यांचा मुक्काम होता. सदर गार करायची होती. आमच्याशिवाय आणखी दोन गुत्तेदार बोलावले होते. ज्याची बोली कमी, त्याचं काम.

ते दोघं सदरेवर बसून तिथली दारं मोजत होते. एकाने दारागणिक एक ताटी सांगितली. दुसऱ्याने छताला मोठा पंखा आणि दोरी ओढायला गडी सांगितला, जणू गरम हवा ढवळली की ती गार होते. मी मात्र पाणी प्यायच्या निमित्ताने आत गेले. घरात गोषा होता, परका पुरुष माजघरात पाऊल टाकू शकत नव्हता. मला कोण अडवणार?

सगळ्यात मागे पश्चिमेची खोली होती. तिथे बाजेवर जमीनदाराची आई पडून होती. पाय लुळे पडल्यापासून ती तिथेच असायची, उघड्या दारातून शेताकडे बघत.

"कोन गं तू? कावून आलीस?"

"दारं मोजाया."

"मोज बाई. तेवडंच कुनी आलं म्हनायचं."

मी चुलीतली चिमूटभर राख आणून त्या दारात सोडली. ती आत उडाली आणि माजघरातून थेट सदरेकडे निघाली. वैशाखातला वारा पश्चिमेचा, आणि सदरेची सगळी दारं पूर्वेला. तिथे ताट्या लावणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. या मागच्या दाराला एकच मोठी ताटी लावून मधली दारं उघडी ठेवली की काम झालं. पाणी मारायला बायका लागतील, कारण इथे गडी चालायचा नाही. मी मनात हिशेब केला आणि नवऱ्याच्या कानात सांगितला. त्यांनी बोली लावली, तेव्हा बाकीचे दोघं हसले.

"बे, मागल्या दाराला ताटी लावून सदर गार व्हती व्हय?"

मी दाराआडूनच त्यांना वारा समजावून सांगितला. जमीनदार हुशार होता, त्याला लगेच पटलं. काम आमचं झालं. आणि मग तो म्हणाला, "मंग आईची बाज कोठीघरात टाकू. सायेबाला मदल्या दारातनं म्हातारी दिसाया नको."

कोठीघरात ज्वारीची पोती होती, खिडकी नव्हती. ताटीने शेत झाकलं जाणारच होतं, आता माझ्या हुशारीपायी म्हातारीचं एकुलतं एक दारही जाणार होतं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"बाज हालली तर ताटी बसनार न्हाई, मालक!"

नवऱ्याला ठसका लागला. जमीनदाराने विचारलं, "कावून?"

"ताटी सुकली की गरम वारंच आत येतं. पानी मारनारी भायेर उनात उभी, तिला ते कळत न्हाई. आत ताटीपाशी निजलेल्या मानसाला अंगावर कळतं. दिसभर तिथून हालनार न्हाई असं मानूस मला लागतं. तुमच्या घरात दुसरं कोन हाय?"

यातलं निम्मं खरं होतं. उरलेलं मी उभ्या उभ्या रचलं, आणि मला त्याची जराही लाज वाटली नाही.

जमीनदार घुटमळला. "पर आईला जमंल का?"

आतून आवाज आला, "आईला इचारा की!"

साहेब आले. पहिल्या दिवशी म्हातारीचं "पानी मार गं!" जेमतेम माजघरापर्यंत पोचलं. दोन-तीन दिवसांत ते गोठ्यातल्या बैलांनाही ऐकू जाऊ लागलं. साहेबांनी आवाज कुणाचा म्हणून चौकशी केली, तेव्हा जमीनदाराला आईचं नाव घ्यावंच लागलं. साहेब मधल्या दारापर्यंत गेले आणि मान खाली घालून, तिथूनच तिला सलाम करून आले.

ते गेल्यावरही ताटी उतरवायचं कुणी नाव काढलं नाही. घरातल्या सगळ्यात गार जागी म्हातारी होती. सुना निवडायची सुपं घेऊन तिथे बसू लागल्या, नातवंडं तिथेच लोळू लागली. दुपारचा लेकही उशी घेऊन आईच्या बाजेशेजारी आडवा व्हायचा.

मृग जवळ आला तशी मी ताटी सोडायला गेले. दोरीची एकेक गाठ सुटताना म्हातारी माझ्या हातांकडे बघत होती. सगळे आपापल्या कामाला गेले होते, खोलीत आम्ही दोघीच. मला फार वाईट वाटलं.

"पाय गेल्यापासनं ह्या घरात माजं कुनी ऐकलं न्हवतं," ती म्हणाली. मग तिने विचारलं, "हिवाळ्यात काय बसवतीस गं?"

हिवाळ्याचं काम आम्ही जन्मात घेतलं नव्हतं.

"शेगडी," मी म्हणाले. "लई मोटी. घरातली समदी भवती बसतील अशी. पर निखारं कवा घालायचं ते सांगाया मानूस लागतं."

म्हातारी पदर तोंडाला लावून हसली, आणि बराच वेळ तो डोळ्यांना लावून बसली. नवरा बाहेर गाडीत ताटी चढवत होता. मी त्यांना जाऊन सांगितलं, की दिवाळीच्या आत आपल्याला शेगडी बसवायला शिकायचंय.