बाबाईचा खुराक

त्या सकाळी तिआबोला बूड टेकवत नव्हतं. खड्ड्यात उतरायची, पाणी जिभेला लावायची, थुंकायची, वर येऊन समुद्राकडं बघायची, की परत खाली. एका अंगाला उसळता समुद्र, दुसऱ्या अंगाला प्रवाळाच्या कड्यात कोंडलेलं शांत पाणी, आणि मधे ही चिंचोळी जमीन. या जमिनीच्या पोटातल्या गोड पाण्यापर्यंत खणलेल्या खड्ड्यात बाबाई वाढायची. अळूचीच जात, पण पान डोक्यावर छत्री धरेल एवढं. लग्नात तिचा गड्डा मांडला नाही तर घराण्यानं तोंड लपवायचं.

तिआबोचा खड्डा तिच्या पणज्यानं शिंपल्यांनी खणलेला. पुढं गोरा साहेब बोट घेऊन आला, बेट लहान पडतं म्हणाला आणि अर्धं गाव दूरच्या बेटांवर नेऊन टाकलं. नकाशात साहेबाला ठिपका दिसतो, ठिपक्यातला खड्डा दिसत नाही. तिआबोचा बाप म्हणाला, "खड्डा घेताय का बोटीत? मग येतो." तो राहिला. बाबाईला कुठला खुराक घालायचा, हे मरताना त्यानं एकट्या तिआबोला सांगितलं. तिनं ते नवऱ्यालाही कळू दिलं नाही.

गेल्या उधाणाला पाणी खारं झालं, पानं पिवळी पडली. उद्या पुनव, म्हणजे परत उधाण. रोपं जगवायची तर आजच उंचवट्यावरच्या खड्ड्यात लावायला हवीत, आणि तो खड्डा नणंदेचा, रोतिआचा.

रोतिआ काठावर येऊन उभी राहिली. "वहिनी, किती येरझाऱ्या घालशील? आण की रोपं, जागा केलीय."

"आणते. पण मी खुराक घालताना तुम्ही पाठ करून बसायचं, वन्सं."

"माझ्याच खड्ड्यात?" रोतिआ हसली. "तुझा बाप माशाची आतडी घालायचा, वासावरून गावाला ठाऊक आहे."

"आतडी तुमच्या घरात घालतात. म्हणून तुमची बाबाई मुठीएवढी."

"मुठीएवढी, पण जिती आहे."

तिआबो ताडकन वळली; रोपं हलवायचीच नाहीत, असं ठरवून. दुपारपर्यंत दगड ओढून तिनं समुद्राच्या बाजूला बांध रचला. भरती आली. बांधावरून थेंबही आला नाही. पाणी प्रवाळातून झिरपत तळातूनच वर चढलं. तिनं चाखलं. नुसतं मीठ.

मग ती शिव्या घालत रोपं उपटत सुटली.

रोतिआच्या खड्ड्यात रोपं लावून झाली. तिआबोनं पदराआड आणावा तसा छातीशी धरून आणलेला खुराकाच्या पाल्याचा भारा खाली टाकला.

"फिरवू पाठ?" रोतिआनं विचारलं. या वेळी ती हसली नाही.

"काय फिरवताय? सुरी घ्या. बारीक चिरा, देठासकट."

रोतिआ चिरू लागली. "आणि परत कधी घालायचं?"

"ते उद्या सांगते," तिआबो म्हणाली आणि पाणी चाखायला वाकली. "सगळं एकाच दिवशी हवंय होय?"