हरलेल्या वैदेहीचा हेवा

क्लबच्या टेनिस स्पर्धेचा अंतिम सामना मी जिंकले. हरलेली वैदेही जाळीपाशी आली, हात मिळवला आणि म्हणाली, "ताई, माझं नेमकं कुठे चुकलं गं?"

"बॅकहँड," मी म्हटलं. "त्या बाजूला चेंडू आला की तू बिचकतेस."

ती मनापासून हसली. लोक माझं अभिनंदन करत होते, तोवर ती पलीकडच्या सरावाच्या भिंतीवर बॅकहँड घोटू लागली होती.

करंडक हातात असूनही मला तिचा हेवा वाटला, अगदी जळजळीत. मी हरले की उन्हाला, पंचांना, रॅकेटच्या तारांना बोल लावते आणि चार दिवस धुमसत राहते. हार अशी उचलून लगेच कामाला लावायची असते, हे हिला कुणी शिकवलं?

फोटोसाठी हाक आली. मी हसले, पण नजर तिच्या मनगटावरून हलेना.