सोमाबाबांच्या तारप्यावरचा थेंब

ही गोष्ट मी कुणाला सांगितलेली नाही. म्हणजे — सांगितलीय, पुष्कळदा, पण खोटी. खरी आज पहिल्यांदाच.

मुरबाडला माझा फोटो स्टुडिओ आहे. माझ्या फजित्या तालुक्याला पाठ आहेत. एका लग्नात नवरदेव समजून मी त्याच्या भावाचेच चाळीस फोटो काढले — हे मीच रंगवून सांगतो, लोक पोट धरून हसतात. आणि हसवणाऱ्या माणसावर कोण संशय घेणार?

पुढे मला मोठं व्हायची हुक्की आली. गावोगावचे कलाकार भलत्याच जागी उभे करून त्यांचे फोटो काढायचे. ढोलकीवाल्याला भातगिरणीत बसवलं, कोंड्यानं शिंकून शिंकून तो बेजार. कीर्तनकारबुवांना गॅरेजच्या खड्ड्यात उतरवलं. आणि आदिवासी पाड्यावरच्या म्हाताऱ्या सोमाबाबांना — सापगावजवळच्या पेटत्या वीटभट्टीपाशी उभं केलं, तारपा घेऊन.

तारपा म्हणजे फुंकून वाजवायचं वाद्य: वाळवलेला भोपळा, बांबूच्या नळ्या, आणि त्यांना धरून ठेवणारं मेण. भोपळा बाबांनी स्वतःच्या परसात वाढवलेला, ऐन तरुणपणी. भट्टी बघून ते म्हणाले, "दादा, मेण इतळंल. जरा लांब रातो."

मला धूर हवा होता. चेहऱ्यावर आगीची लाली हवी होती. दोनच मिनिटं, म्हटलं. पाऊण तास उभं केलं. ते आणखी दोनदा म्हणाले. मला ऐकू आलं नव्हतं का? — आलं होतं. स्वच्छ.

नळ्या निसटल्या. बाबा त्या सावरायला गेले, तर भोपळा उभा तडकला. भट्टीवरची माणसं जमली. आणि मी, सगळ्यांदेखत, म्हणालो, "बाबा, इतका जवळ कशाला धरलात?"

त्यांनी खाली पडलेल्या नळ्या गोळा केल्या. मग हळूच म्हणाले, "माजंच चुकलं, दादा. तुमचा फोटू तरी बरा आला ना?"

डोळ्यांत मोतीबिंदू, हात थरथरते. दुसरा तारपा त्यांच्या हातून होणार नव्हता — हेही मला ठाऊक होतं. नवा भात आला, बाबांच्या पाड्यावर तारप्याचा नाच झाला, वाजवायला दुसरा कुणी. बाबा कडेला बसले होते, विचारेल त्याला सांगत होते, मीच जाळला. मी चार हातांवर कॅमेरा घेऊन उभा. तोंड उघडलं? नाही. उलट त्याचा किस्सा केला — भट्टीत तारपा भाजणारा म्हातारा. थरथरत्या हातांची नक्कलसुद्धा करतो. हशा हमखास.

बाबा गेल्या उन्हाळ्यात वारले. चूक आपलीच, असं समजून.

तो फोटो स्टुडिओत दर्शनी भिंतीवर आहे. तारप्यावर एक थेंब चमकतो. मेणाचा. परवा एकजण त्याच्यापुढे बराच वेळ थांबला. घाम ना हा, म्हणाला, काय मेहनत असते बघा या लोकांची.

मी हो म्हणालो.